इंग्रजी वाक्यदुरुस्ती: सोलापूरच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीए सीईटी, स्नॅप (सिम्बायोसिसच्या एमबीएची), गेट (एम.टेक.ची) अशा प्रवेशपरीक्षांची तयारी करणारी सोलापूरची मुलं-मुली इंग्रजी वाक्यदुरुस्तीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे मराठी माध्यमातून आलेल्यांचे आहेत, काही नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांचे, काही पूर्व भागातल्या तेलुगु घरांतल्या मुलांचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिला आहे. इंग्रजी उदाहरणं देवनागरीतच लिहिली आहेत, कारण इथे स्पेलिंगपेक्षा वाक्याच्या बांधणीकडे पाहायचं आहे. सराव करताना ती वहीत इंग्रजी लिपीत उतरवून घ्या.

१. वाक्यदुरुस्तीचे प्रश्न म्हणजे नेमके कसले? सगळे एकसारखेच असतात का?

तीन प्रकार दिसतात. पहिल्यात वाक्य तीन-चार तुकड्यांत तोडलेलं असतं आणि चूक कुठल्या तुकड्यात आहे ते सांगायचं असतं. दुसऱ्यात वाक्याचा एक भाग अधोरेखित असतो आणि त्याच्या जागी बसणारा पर्याय निवडायचा असतो. तिसऱ्यात चार-पाच पूर्ण वाक्यं देतात आणि त्यांतलं बरोबर किंवा चुकीचं वाक्य विचारतात.

पहिल्या प्रकारात चूक सापडली की काम संपलं. दुसऱ्यात तसं नसतं. तिथे मूळ चूक दुरुस्त करणारे दोन-तीन पर्याय असतात आणि त्यांतले काही गुपचूप नवी चूक आत आणतात. त्यामुळे निवडलेला पर्याय वाक्यात बसवून पूर्ण वाक्य परत एकदा वाचायचंच. तिसऱ्या प्रकारात 'बरोबर कोणतं' विचारलंय की 'चुकीचं कोणतं', एवढं नीट वाचा.

२. हे प्रश्न कुठल्या परीक्षांत येतात? जीमॅटमधून काढून टाकलं असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. जीमॅट ही मुख्यतः परदेशी एमबीएसाठीची परीक्षा. तिची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, जुनी ३१ जानेवारी २०२४ नंतर बंद झाली आणि तिच्याबरोबर वाक्यदुरुस्तीही गेली. आताच्या जीमॅटच्या व्हर्बल विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात, तेही फक्त उताऱ्यांवरचे आणि तर्कावरचे. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरईमध्ये हा प्रकार नाही. आयआयएमच्या कॅटमध्ये पूर्वी यायचा. अलीकडे तिथे उतारे, परिच्छेदाचा सारांश, वाक्यांचा क्रम यांवर भर असतो.

आपल्याकडच्या बहुतेकांसाठी महत्त्वाची परीक्षा म्हणजे राज्य सीईटी कक्षाची एमबीए सीईटी. २०० प्रश्न, १५० मिनिटं, त्यांतले ५० प्रश्न इंग्रजीचे आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. या पन्नासांत वाक्यदुरुस्ती आणि चूक ओळखणे हमखास भेटतं. स्नॅपमध्ये ६० मिनिटांत ६० प्रश्न असतात, त्यांतले १५ इंग्रजीचे, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. एम.टेक.साठी गेट देणाऱ्यांनीही हे पान वाचावं. १०० पैकी १५ गुण सामान्य अभिक्षमतेचे असतात आणि त्या अभ्यासक्रमात इंग्रजी व्याकरण स्पष्ट लिहिलेलं आहे. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र उघडून पाहा, आराखडे बदलतात.

३. मग दादाची जीमॅटची जुनी प्रश्नपुस्तकं रद्दीत देऊ का?

मुळीच देऊ नका. जुन्या जीमॅटच्या अधिकृत वाक्यदुरुस्तीइतके काळजीपूर्वक रचलेले प्रश्न सहसा मिळत नाहीत. प्रत्येक चुकीचा पर्याय का चूक आहे याचं स्पष्टीकरण तिथे असतं, आणि खरं शिकणं त्या स्पष्टीकरणातच आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते प्रश्न सीईटीपेक्षा लांब आणि अवघड असतात, म्हणून ते घड्याळ लावून सोडवू नका. शिवाय ती अमेरिकी इंग्रजी आहे (प्रश्न १४ पाहा).

४. मॅडम, मी मराठी माध्यमाचा. इंग्रजी माध्यमाची मुलं वाक्य नुसतं ऐकून चूक सांगतात. मला कानाला काही कळतच नाही. मी मागे पडणार का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा घाबरून विचारलेला असतो, म्हणून सविस्तर सांगते.

कानाचा उपयोग होतो, पण कान ऐकलेलंच बरोबर मानतो. सोलापुरात आपण जी इंग्रजी ऐकतो ती वर्गातली, ऑफिसातली, मोबाइलवरची असते. त्या इंग्रजीत 'डिस्कस अबाउट' आणि 'वन ऑफ माय फ्रेंड' इतक्या वेळा कानावर पडतं की तेच सरळ वाटायला लागतं. प्रश्न काढणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. कानाला गोड लागणारा चुकीचा पर्याय आणि कानाला टोचणारा बरोबर पर्याय ते मुद्दाम शेजारी शेजारी ठेवतात. इंग्रजी माध्यमाची मुलं सोप्या प्रश्नांत कानावर पुढे जातात आणि अवघड प्रश्नांत त्याच कानामुळे अडतात. माझ्या वर्गात हे मी सतत पाहते.

मराठी माध्यमाच्या मुलाकडे दुसरी शिदोरी असते. कर्ता, कर्म, क्रियापद, लिंग, वचन, प्रयोग हे त्यानं शाळेत घोटलेलं असतं. वाक्य समोर आल्यावर 'क्रिया कोण करतंय' हे विचारायची सवय त्याला आहे. वाक्यदुरुस्तीला नेमकं हेच लागतं. तेव्हा 'कसं वाटतं' हा प्रश्न सोडून द्या आणि 'कर्ता कोण, क्रियापद कोणतं, हा शब्दसमूह कुणाला चिकटलाय' हे विचारा. कान नंतर तयार होतो, वाचनानं होतो. मात्र उत्तर कानावर सोडायचं नाही.

५. सुरुवात कुठून करू? व्याकरणाचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून?

नको. नाम-सर्वनामाच्या व्याख्यांतच महिना जातो आणि उत्साह संपतो. परीक्षेतल्या बहुतेक चुका थोड्याच घराण्यांतल्या असतात: कर्ता-क्रियापदाचा मेळ (प्रश्न ७), विशेषणासारखं काम करणारे शब्दसमूह (८), तुलना (९), समांतर रचना (१०), उभयान्वयी जोड्या (११) आणि काळ (१२). याच क्रमानं जा. सर्वनामं आणि शब्दयोगी अव्ययं सराव करता करता उचलता येतात. आर्टिकल मात्र मराठीत नाहीतच, त्यामुळे 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांसाठी वाचन हाच उपाय आहे.

६. एक प्रश्न पायरी-पायरीनं सोडवून दाखवा ना.

हे वाक्य घ्या: 'द डिमांड फॉर कॉटन टॉवेल्स वोव्हन इन सोलापूर हॅव राइझन शार्पली सिन्स द लास्ट टू इयर्स.' अधोरेखित भाग 'हॅव राइझन शार्पली सिन्स' हा. पर्याय असे:

अ) हॅव राइझन शार्पली सिन्स
ब) हॅज राइझन शार्पली सिन्स
क) हॅज राइझन शार्पली ओव्हर
ड) रोझ शार्पली सिन्स
इ) हॅव बीन रायझिंग शार्पली ओव्हर

पाचही पर्याय वाक्यात बसवून पाच वेळा वाचत बसू नका. आधी पर्याय एकाखाली एक ठेवून ते कुठे वेगळे पडतात ते पाहा. सुरुवातीला 'हॅव' की 'हॅज' हा फाटा आहे, शेवटी 'सिन्स' की 'ओव्हर' हा. आता वाक्याकडे वळा. काय वाढलंय? टॉवेल नाही, 'डिमांड' वाढलीय, आणि ती एकवचनी. अ आणि इ गेले. 'द लास्ट टू इयर्स' हा काळाचा पट्टा आहे आणि 'सिन्स'ला एक ठरावीक क्षण लागतो, जसं 'सिन्स २०२२'. ब आणि ड गेले. उरला क. तो बसवून पूर्ण वाक्य एकदा वाचा आणि पुढे चला.

दोनच निर्णय घेतले आणि दोन्हींना कारण होतं. सरावात प्रत्येक प्रश्नाला असं कारण तोंडानं सांगता आलं पाहिजे. उत्तर बरोबर आलं पण कारण सांगता येत नसेल, तर वहीत त्या प्रश्नापुढे फुली मारा.

७. कर्ता-क्रियापदाचा मेळ मला येतो, तरी तिथेच चुकतं. का?

कारण मराठीत क्रियापद नेहमी कर्त्याच्याच मागे जात नाही. 'रामाने भाकरी खाल्ली', 'सीतेने लाडू खाल्ला', 'मुलांनी पुस्तक वाचलं' ही वाक्यं पाहा. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. क्रियापदाच्या जवळच्या नामाकडे पाहायची सवय आपल्या हाडात आहे. इंग्रजीत ही मुभा नाही. क्रियापद कर्त्याचंच ऐकतं, मग मध्ये दहा शब्द असोत.

'द क्वालिटी ऑफ द ब्लँकेट्स मेड इन दीज फॅक्टरीज हॅज इम्प्रूव्ह्ड' यात 'ब्लँकेट्स' आणि 'फॅक्टरीज' ही दोन अनेकवचनं क्रियापदाच्या कानाशी उभी आहेत, तरी कर्ता 'क्वालिटी'च. 'ऑफ', 'इन', 'फॉर' यांच्यामागून आलेलं नाम कर्ता नसतं, असं धरून पेन्सिलनं तो भाग कंसात टाका. उरलेला सांगाडा वाचला की मेळ दिसतो. ('सम', 'मोस्ट', 'हाफ' यांसारखे शब्द अपवाद, तिथे 'ऑफ'नंतरच्या नामाकडेच पाहावं लागतं: 'सम ऑफ द वॉटर इज', 'सम ऑफ द टॉवेल्स आर'.)

दुसरी अडचण 'सह'ची. 'द ओनर, अलाँग विथ हिज सन्स, रन्स द मिल' यात 'अलाँग विथ', 'अ‍ॅज वेल अ‍ॅज', 'टुगेदर विथ' यांच्यामुळे कर्त्याचं वचन बदलत नाही. 'अँड'नं जोडलं तर बदलतं.

आणि आदरार्थी बहुवचन. 'सर आले आहेत', 'आई म्हणाल्या' हे मराठीत हवंच. इंग्रजी क्रियापदाला आदर माहीत नाही, तिथे 'सर हॅज कम'. मेळाचे वाकडे अपवाद प्रश्न २० मध्ये आहेत.

८. 'डँगलिंग मॉडिफायर' काही केल्या डोक्यात शिरत नाही. मराठीतून समजावता का?

मराठीतूनच चांगलं समजतं. ज्या तुकड्यातली क्रिया करणारा वाक्यात जागेवर नसतो, तो लोंबकळणारा तुकडा म्हणजे डँगलिंग मॉडिफायर. हे वाक्य घ्या: 'पार्क चौकातून जाताना चादरीचं नवं दुकान दिसलं.' मराठीत यात काही खटकत नाही. जाणारा मी, हे ऐकणाऱ्याला कळतं. हेच तसंच्या तसं इंग्रजीत नेलं की 'वॉकिंग थ्रू पार्क चौक, अ न्यू ब्लँकेट शॉप वॉज सीन' असं होतं, आणि त्याचा अर्थ दुकान चौकातून चालत होतं असा निघतो.

'-ताना' सैल आहे. पण मराठीत '-ऊन' कडक आहे. 'हात धुऊन ती जेवायला बसली' यात हात धुणारी आणि बसणारी एकच. 'हात धुऊन भाकरी थंड झाली' असं कुणी म्हणत नाही, कारण भाकरीनं हात धुतलेले नाहीत. आपल्या कानाला ही चूक लगेच कळते. इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीचा '-इंग' किंवा '-एड'चा तुकडा या '-ऊन'सारखा वागतो. स्वल्पविरामानंतर पहिलं जे नाम येईल तेच त्या क्रियेचं मालक असलं पाहिजे. म्हणून 'वॉकिंग थ्रू पार्क चौक, आय सॉ अ न्यू ब्लँकेट शॉप'.

असा प्रश्न आला की स्वल्पविरामानंतरच्या नामावर बोट ठेवा आणि विचारा: हे चालू शकतं का? हे वाचू शकतं का? बहुतेक वेळा अर्धे पर्याय तिथेच गळतात. 'अकॉर्डिंग टू', 'रिगार्डिंग', 'कन्सिडरिंग' हे शब्द '-इंग'वाले दिसले तरी शब्दयोगी अव्ययांसारखे वापरले जातात, त्यांना ही अट नाही.

'विच'चंही इथेच सांगते. मराठीत वर्णन नामाच्या आधी येतं, इंग्रजीत 'विच'चं वर्णन नामाच्या नंतर येतं आणि ते जवळच्या नामाला चिकटतं. 'द ट्रेन वॉज लेट, विच अनॉइड द पॅसेंजर्स' असं लोक बोलतात. पण जीमॅटच्या धर्तीवरच्या प्रश्नांत 'विच' संपूर्ण घटनेला लावलेलं चूक धरतात.

९. 'सोलापूर इज हॉटर दॅन पुणे' बरोबर आणि 'द समर ऑफ सोलापूर इज हॉटर दॅन पुणे' चूक. असं का?

पहिल्यात शहराची शहराशी तुलना आहे. दुसऱ्यात उन्हाळ्याची तुलना एका शहराशी होते. मराठीत 'सोलापूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक' म्हटलं की 'पुण्याच्या उन्हाळ्यापेक्षा' हे आपण मनात भरून घेतो. इंग्रजी परीक्षा ते भरून घेऊ देत नाही. तिथे 'दॅन दॅट ऑफ पुणे' लागतं. अनेकवचन असेल तर 'दोज ऑफ': 'द विंटर्स ऑफ सोलापूर आर मायल्डर दॅन दोज ऑफ नाशिक'.

आणखी एक सापळा 'एनी' आणि 'एनी अदर'चा. 'सोलापूर इज बिगर दॅन एनी अदर टाउन इन द डिस्ट्रिक्ट' यात 'अदर' हवं, नाहीतर सोलापूर स्वतःपेक्षाच मोठं ठरतं. पण 'बिगर दॅन एनी टाउन इन गोवा' यात 'अदर' नको, कारण सोलापूर गोव्यात नाही.

१०. समांतर रचना कशी ओळखू?

'अँड', 'ऑर', 'बट' किंवा यादी दिसली की ओळखायची. 'द कोर्स टीचेस अस टू रीड क्विकली, थिंकिंग क्लिअरली अँड टू राइट वेल' यात मधला तुकडा वेगळ्या घाटाचा आहे. तिघं एकाच रूपात आणा. 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो', 'आयदर... ऑर', 'बोथ... अँड' या जोड्यांत दोन्ही भागांनंतर एकाच प्रकारचा शब्द येतो का ते पाहा. 'नॉट ओन्ली'नंतर क्रियापद असेल तर 'बट ऑल्सो'नंतरही क्रियापदच. इतकं केलं की हे प्रश्न पटकन सुटतात.

११. 'ऑल्दो' असलेल्या वाक्यात 'बट' का चालत नाही? मराठीत तर जरी-तरी दोन्ही लागतात.

अगदी बरोबर, म्हणूनच ही चूक आपल्याकडे एवढी होते. मराठीत जोडशब्द जोडीनं येतात: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. इंग्रजीत एकच बाजू पुरते. 'ऑल्दो इट वॉज मे, द लायब्ररी वॉज फुल.' एवढंच. 'बट' घातलं की चूक. तसंच 'बिकॉज'बरोबर 'सो' नको. 'द रीझन इज बिकॉज' हेही परीक्षेत चूक धरतात, तिथे 'द रीझन इज दॅट' लिहा.

१२. काळाच्या चुका नेमक्या कुठे होतात? 'हॅड' कधी वापरायचा?

मराठीत 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे नुसतं झालेल्या गोष्टीबद्दल सहज म्हणतो. त्या 'होतो'मुळे इंग्रजीत 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे' येतं, आणि ते चूक आहे. 'हॅड'ला भूतकाळातली दुसरी घटना लागते, जिच्या आधी ही घटना झाली.

आपल्या शहरातलंच उदाहरण घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली गेली. 'द फोर मार्टर्स हॅड बीन हँग्ड इन १९३१' एवढंच वाक्य असेल तर 'वेअर हँग्ड' हवं. पण 'बाय द टाइम इंडिया बिकेम फ्री, द फोर मार्टर्स हॅड बीन डेड फॉर सिक्स्टीन इयर्स' यात दोन घटना आहेत, तिथे 'हॅड' योग्य. जाता जाता हेही टिपून ठेवा: माणसाला फाशी दिली तर 'हँग्ड', भिंतीवर चित्र टांगलं तर 'हंग'. हा प्रश्न येतो.

दुसरी जागा '-पासून'. 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' याचं 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' होतं. हवं ते 'आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. 'सिन्स' आणि कालावधीचा हिशोब प्रश्न ६ मध्ये पाहिलाच.

१३. घरी तेलुगु बोलतो, शाळा मराठीतून, कॉलेज इंग्रजीतून. शेजारी कन्नड. मी व्याकरण कुठल्या भाषेवरून समजून घेऊ?

जी भाषा विचार करताना आधी येते, तिच्यावरून. तीन-चार भाषा कानावर असणं ही सोलापूरची श्रीमंती आहे, तिचा वापर करा. तेलुगु आणि कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याबरोबरच जातं. मराठीसारखं कर्माकडे वळत नाही, म्हणजे प्रश्न ७ मधली पहिली अडचण तुम्हाला कमी जाणवायला हवी. कन्नडमध्ये 'ऐदु पुस्तक' असं आकड्यापुढे एकवचन सहज चालतं. मराठीतही 'एक शब्द, दहा शब्द' असे न बदलणारे पुल्लिंगी शब्द पुष्कळ. त्यामुळे 'वन ऑफ'नंतर अनेकवचन विसरायची सवय मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत सापडते. 'वन ऑफ माय फ्रेंड्स', आणि क्रियापद मात्र 'वन'चं: 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज'.

आर्टिकल यांतल्या कुठल्याच भाषेत इंग्रजीसारखं नाही. तिथे आपण सगळे एकाच बाकावर आहोत.

१४. पेपरात 'द टीम आर' छापून येतं आणि क्लासमध्ये 'द टीम इज' शिकवतात. कुणाचं खरं?

दोन्ही खरं. समूहाला अनेकवचनी धरणं ब्रिटिश इंग्रजीत चालतं, अमेरिकी इंग्रजीत समूह बहुधा एकवचनी. परीक्षेत एकवचन धरा. मात्र 'देअर ओन'सारखा शब्द समूहातली माणसं वेगवेगळी दाखवत असेल तर अनेकवचनाचा विचार करा. भारतीय इंग्रजीतले 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ' (हवं ते नुसतं 'डिस्कस', 'रिटर्न', 'कोप विथ') हे मात्र कुठेही चालत नाहीत आणि सीईटीच्या धर्तीवरच्या प्रश्नांत नेहमी दिसतात. त्यांची एक वेगळी यादी करा.

१५. 'बीइंग दिसलं की पर्याय चूक', 'सगळ्यांत लहान पर्याय बरोबर', असे शॉर्टकट खरे आहेत का?

ते सरासरीतून आलेले अंदाज आहेत आणि तुमच्यासमोरचा प्रश्न सरासरी असेलच असं नाही. 'बीइंग' बऱ्याचदा नको तिथे घुसवलेलं असतं, पण 'ही इज अफ्रेड ऑफ बीइंग लेट' यात दुसरा शब्दच बसत नाही. लहान पर्याय अनेकदा नेटका असतो, कधी कधी त्यातून अर्थाचा तुकडाच गळालेला असतो. कर्मणी प्रयोग चूक असतो, हेही खोटं. कर्ता महत्त्वाचा नसेल तिथे तोच हवा. दोन पर्याय व्याकरणानं निर्दोष उरले आणि वेळ संपत आली, तरच नेटका पर्याय निवडा.

१६. चूक सापडतच नाही. 'नो एरर' निवडायची भीती वाटते.

भीती वाटते कारण आपण चूक शोधायलाच बसलेलो असतो. प्रश्न ५ मधली सहा घराणी क्रमानं तपासा: मेळ, तुकडा, तुलना, समांतर, जोडशब्द, काळ. सहाही ठिकाणी काही सापडलं नाही तर 'नो एरर' निःशंकपणे निवडा. मात्र सरावात असे प्रश्न वेगळे काढून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा.

१७. वेळ पुरत नाही. एका प्रश्नाला किती सेकंद द्यावे?

सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे सरासरी ४५ सेकंद. उताऱ्यांना आणि गणितांना जास्त लागतात, तेव्हा वाक्यदुरुस्ती अर्ध्या मिनिटात संपली तर हवीच आहे. पण हा वेग सरावाच्या पहिल्या दिवसापासून मागू नका. आधी घड्याळाशिवाय, कारणासकट. कारणं आपोआप सुचायला लागली की घड्याळ लावा. सीईटीत गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. स्नॅपमध्ये दोन पर्याय कारणानं काढता आले तरच धोका पत्करा.

१८. रोज किती प्रश्न सोडवू? चिंचोळी एमआयडीसीत नोकरी आहे, रात्री थकून येतो.

थकलेल्या डोक्यानं पन्नास सोडवण्यापेक्षा ताज्या डोक्यानं दहा सोडवा. आणि त्या दहांची कारणं लिहा, हा खरा अभ्यास. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, दुपारी काही डोक्यात जात नाही. नोकरी असो-नसो, पहाटेचा एक तास ठरवून घ्या.

चुकांची वही ठेवाच. डाव्या पानावर पूर्ण वाक्य, उजव्या पानावर तीन ओळी: चूक कुठल्या घराण्यातली, मी कुठला पर्याय निवडला, तो मला का बरोबर वाटला. तिसरी ओळ सगळ्यांत मोलाची, कारण तिथे तुमची सवय पकडली जाते. काही आठवड्यांनी वही चाळली की दिसतं: कुणी फक्त तुलनेत चुकतो, कुणी फक्त 'विच'मध्ये. मग तेवढंच घोटायचं.

सोबत रोज एक संपादकीय वाचा. घरी इंग्रजी दैनिक येत नसेल तर जवळच्या वाचनालयात जा. एखादं लांब वाक्य निवडून त्याचा कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधा. एवढं एक वाक्य रोज केलं तरी उताऱ्यांचा वेगही वाढतो. मोबाइलवर एआयला विचारायचं असेल तर आधी स्वतःचं कारण लिहा, मग त्याचं वाचा. तो चुकीचं उत्तरही आत्मविश्वासानं देतो, तेव्हा त्यानं सांगितलेला नियम व्याकरणाच्या पुस्तकात पडताळा.

१९. यासाठी पुण्याला क्लास लावायची गरज आहे का?

फक्त वाक्यदुरुस्तीसाठी, नाही. खोलीभाडं, मेस आणि फी एवढा खर्च या एका विषयासाठी करू नका. इथेच दोघं-तिघं मिळून आठवड्यातून एकदा बसा. एकानं पर्याय सांगायचा, दुसऱ्यानं 'का?' विचारायचं. कारण समोरच्याला पटवता आलं म्हणजे ते तुम्हाला समजलं. गणित किंवा लॉजिकसाठी क्लास हवा असेल तर तो वेगळा निर्णय.

२०. कर्ता-क्रियापदाचे वाकडे अपवाद एकदा सांगून टाका.

'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर' पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज'. पहिल्यात 'पुष्कळ विद्यार्थी', दुसऱ्यात 'संख्या'. 'आयदर... ऑर' आणि 'नायदर... नॉर' यांत क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं: 'नायदर द मॅनेजर नॉर द वर्कर्स वेअर'. प्रश्न ७ मध्ये जवळच्या नामाकडे पाहू नका म्हटलं, त्याला हा अपवाद. 'मोअर दॅन वन स्टुडंट हॅज', अर्थ अनेकवचनी असला तरी. अंतर, रक्कम, वेळ एकगठ्ठा घेतली तर एकवचन: 'टू हंड्रेड अँड फिफ्टी किलोमीटर्स इज अ लाँग वे'. 'मॅथेमॅटिक्स', 'न्यूज' दिसायला अनेकवचनी, पण एकवचनी.

सगळ्यांत फसवा हा: 'शी इज वन ऑफ दोज स्टुडंट्स हू वर्क अ‍ॅट नाइट'. 'हू' हे 'स्टुडंट्स'ला लागतं, म्हणून 'वर्क'. पण मागे 'द ओन्ली' लावलं, 'शी इज द ओन्ली वन ऑफ दोज स्टुडंट्स हू वर्क्स अ‍ॅट नाइट', की एकवचन. 'वन ऑफ'चं घरगुती रूप प्रश्न १३ मध्ये आहे, तिथलं क्रियापद 'वन'चं होतं. इथे ते 'हू'च्या मागचं आहे. फरक एवढाच.

२१. 'द कमिटी रिकमेंडेड दॅट ही बी अपॉइंटेड' हे बरोबर कसं? 'ही बी'?

मागणी, सूचना, शिफारस, आग्रह यांच्या क्रियापदांनंतर 'दॅट' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं: 'ही बी', 'शी गो', 'द बँक पे'. मराठीतल्या विध्यर्थाशी ताडून पाहा, 'त्याची नेमणूक व्हावी' असंच आपणही म्हणतो, 'होते' म्हणत नाही. पण 'सजेस्ट'चा अर्थ 'सूचित होतं' असा असेल तर साधं क्रियापद: 'द डेटा सजेस्ट्स दॅट ही इज राइट'. 'इफ आय वेअर'मध्ये 'वॉज' न येण्याचं कारणही याच जातीचं. ती गोष्ट खरी नाही, फक्त कल्पना आहे.

२२. 'एव्हरीवन ब्रॉट देअर बुक्स' बरोबर की चूक? उत्तरतालिका वेगवेगळं सांगतात.

आजच्या इंग्रजीत 'एव्हरीवन'बरोबर 'देअर' रूढ आहे आणि लिखाणातही मान्य होत चाललं आहे. जुन्या धर्तीचे प्रश्न मात्र 'एव्हरीवन' एकवचनी म्हणून 'हिज ऑर हर' मागतात. दोन्ही पर्यायांत असतील तर 'हिज ऑर हर' निवडा. 'हिज ऑर हर' पर्यायच नसेल तर 'देअर'ला चूक धरू नका आणि दुसरीकडे चूक शोधा. खाजगी प्रश्नसंचाची तालिका पटली नाही तर दुसऱ्या स्रोतात तोच नियम पाहा आणि पुढे चला. प्रत्यक्ष सीईटीत एखादं उत्तर चुकलंय असं वाटलं तर सीईटी कक्ष आक्षेप नोंदवायची मुदत देतो. आक्षेप घेताना नियम लिहा, उदाहरण द्या आणि मुदत संपायच्या आत पाठवा.